पुठ्ठा, दोन भिंगं आणि घरातला मोबाईल : असा तयार होतो व्हीआर डबा

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर चढवायचा तो काळा डबा. तो लावला की समोरचं घर-अंगण गायब होतं आणि मान वळवाल तिकडे वेगळंच जग दिसतं. शहरातल्या मॉलमध्ये, हल्ली काही जत्रांमधल्या स्टॉलवरही तो बघायला मिळतो. पोरांना तो हवा असतो, पण चांगला हेडसेट हजारो रुपयांना पडतो. किंमत ऐकली की हौस तिथंच थांबते.

या यंत्राचा साधा भाऊ मात्र घरीच, एका दुपारात तयार होतो. लागतं ते इतकंच : बुटाच्या खोक्यासारखा पातळ पुठ्ठा, दोन लहान भिंगं, कटर, पट्टी, फेव्हिकॉल, रबर बँड आणि घरातला मोबाईल. महागड्या हेडसेटची बरोबरी तो करणार नाही. पण तो कसा चालतो हे बनवणाऱ्याला पक्कं समजतं. दहावीच्या विज्ञानातला भिंगाचा धडा हातात धरून बघण्यासारखंच आहे हे.

फक्त घाई नको. पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करायची आहे, आणि डोळ्यांची व फोनची काळजी कशी घ्यायची तेही आधी माहीत हवं.

आधी फोन तपासा, मग भिंगं मागवा

मान वळवली की चित्र वळतं, यामागे फोनमधला जायरोस्कोप नावाचा सेन्सर असतो. फोन किती वेगानं आणि कोणत्या दिशेनं फिरतोय हे तो मोजतो. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये हा सेन्सर नसतो.

इथंच अनेकांची गल्लत होते. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, म्हणजे सेन्सर आहे असं वाटतं. पण ते काम अॅक्सेलरोमीटरचं. तो जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. जमिनीची ओढ कुठल्या बाजूला आहे हे त्याला कळतं, म्हणून मान खाली-वर केलेली तो ओळखतो. जागेवर गोल फिरलेलं मात्र त्याला नीट कळत नाही. त्यासाठी जायरोस्कोपच लागतो.

तपासणी सोपी आहे. यूट्यूबच्या अॅपमध्ये कोणताही ३६० डिग्री व्हिडिओ लावा. फोन हातात धरून जागेवर गोल फिरा. चित्रही फिरलं तर सेन्सर आहे. बोटानं सरकवल्यावरच फिरत असेल, तर बहुधा नाही.

नसेल तरी निराश होऊ नका. मान वळवून बघण्याचा भाग जमणार नाही, पण खोली दिसणारे थ्रीडी व्हिडिओ आणि स्वतः काढलेले थ्रीडी फोटो कोणत्याही फोनवर दिसतात. ते कसे काढायचे हे पुढे दिलं आहे.

डबा काम कसं करतो?

दोन डोळ्यांमध्ये साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू थोडी वेगवेगळी दिसते. खात्री करायची तर अंगठा नाकासमोर धरा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. अंगठा जागचा उडी मारतो. ही दोन चित्रं जुळवून मेंदू ठरवतो की वस्तू जवळ आहे की लांब.

व्हीआर डब्यात मोबाईलच्या स्क्रीनचे दोन भाग होतात. डाव्या भागात डाव्या डोळ्याचं चित्र, उजव्या भागात उजव्याचं. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा असतो, म्हणजे एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याला दिसत नाही. बाकीचं काम मेंदू करतो.

मग भिंगं कशाला? डोळ्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर धरलेला मोबाईल कुणालाच स्पष्ट दिसत नाही. साधारण २५ सेंटिमीटरच्या आतलं बघताना डोळ्यावर ताण येतो. बहिर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतरावर स्क्रीन ठेवली की तिच्यावरचं चित्र लांबून आल्यासारखं दिसतं आणि मोठंही होतं. डोळा लांबचं बघत असल्यासारखा सैल राहतो. जत्रेतल्या बाइस्कोपच्या पेटीला गोल भिंगं असायची ती अशाच कामासाठी.

भिंगामुळे एक दोष मात्र येतो. सरळ चौकट भिंगातून बघितली की तिच्या कडा आतल्या बाजूला वाकलेल्या दिसतात. म्हणून व्हीआरचं सॉफ्टवेअर चित्र आधीच पिंपासारखं बाहेर फुगवून दाखवतं. भिंग वाकवतं एकीकडे, सॉफ्टवेअर वाकवतं उलट दिशेला, आणि डोळ्याला सरळ दिसतं.

पहिले प्रयोगही घरगुतीच

एकाच वस्तूच्या दोन चित्रांतून खोली दिसते, हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या यंत्रानं दाखवलं. पुढे १८४९ मध्ये स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी दोन भिंगांची लहान पेटी मांडली. तेव्हा मोबाईल नव्हता, पेटीत फोटो घालून बघायचे. आजच्या डब्याचा आराखडा मुळात तोच आहे.

डोक्यावर लावायचं संगणकाचं यंत्र अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये तयार केलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागायचं. त्यानंतर अनेक वर्षं व्हीआर मोठ्या प्रयोगशाळा आणि लष्करापुरतंच राहिलं.

ते स्वस्त करण्यात एका हौशी पोराचा मोठा वाटा आहे. कॅलिफोर्नियातला पामर लकी विशीच्या आतच आईवडिलांच्या गॅरेजमध्ये हेडसेट जोडत होता. महागडी भिंगं घेण्यापेक्षा साधी भिंगं वापरायची आणि चित्रातला दोष सॉफ्टवेअरनं काढायचा, हा मार्ग त्याच्या यंत्रानं धरला. २०१२ मध्ये त्यानं 'ऑक्युलस रिफ्ट'साठी लोकांकडून इंटरनेटवर अडीच लाख डॉलर मागितले, जमले सुमारे २४ लाख. २०१४ मध्ये फेसबुकनं ही कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं.

त्याच वर्षी जूनमध्ये गुगलनं आपल्या कार्यक्रमात आलेल्यांच्या हातात चक्क घडीचा पुठ्ठा ठेवला. पॅरिसमधल्या गुगलच्या कार्यालयातले डेव्हिड कोझ आणि डेमियन हेन्री यांनी तो तयार केला होता. नाव ठेवलं 'कार्डबोर्ड', म्हणजे पुठ्ठाच. त्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला होता. २०१९ मध्ये सॉफ्टवेअरचा कोडही खुला झाला आणि २०२१ मध्ये गुगलनं स्वतःचे डबे विकणं थांबवलं.

हौशी माणसाच्या दृष्टीनं यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. कंपनीनं हात काढून घेतला तरी डबा बंद पडत नाही, कारण त्यात बंद पडण्यासारखं काही नाहीच. पुठ्ठा आणि भिंगं आपलीच.

भिंगं कोणती घ्यायची?

गुगलच्या पहिल्या डब्यात २५ मिलिमीटर व्यासाची, ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगं होती. सुरुवातीला हेच माप सोपं पडतं. ऑनलाइन किंवा शैक्षणिक साहित्याच्या दुकानात "२५ मिमी व्यास, ४५ मिमी नाभीय अंतर, द्विबहिर्वक्र" असं सांगून जोडी मागा. दोन्ही भिंगं एकसारखीच हवीत.

चष्म्याच्या दुकानातलं जवळच्या नंबरचं भिंग चालणार नाही. अधिक ३ नंबरच्या भिंगाचं नाभीय अंतर ३३ सेंटिमीटर असतं. ४५ मिलिमीटरच्या भिंगाचा नंबर साधारण अधिक २२ होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या १० सेंटिमीटरच्या भिंगांवर थ्रीडी फोटो बघता येतात, पण डबा लांब होतो आणि चित्र लहान दिसतं.

हातात आलेलं भिंग बरोबर मापाचं आहे का, हे घरीच तपासा. दिवसा खोलीतल्या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा. भिंग भिंतीसमोर धरून हळूहळू पुढं-मागं करा. बाहेरच्या झाडाचं छोटं, उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट उमटलं की थांबा. भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. तेच त्याचं नाभीय अंतर.

डबा जोडायची पद्धत

खाली दिलेली मापं ४५ मिलिमीटरच्या भिंगासाठी आणि साधारण १६ सेंटिमीटर लांब, ७.५ सेंटिमीटर रुंद फोनसाठी आहेत. आपला फोन मोजून फरक करा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा नको, तो नीट दुमडत नाही आणि जड होतो.

१. बाहेरची चौकट : ६.५ सेंटिमीटर रुंद आणि ५१ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. ती १६.५, ८, १६.५ आणि ८ सेंटिमीटरवर दुमडा. उरलेले २ सेंटिमीटर चिकटवायला. दोन्ही बाजूंनी उघडी अशी चौकट तयार होईल.

२. भिंगाची पाटी : १६.५ बाय ८ सेंटिमीटरचे दोन सारखे तुकडे कापा. मधोमध उभी रेघ मारा. रेघेपासून दोन्हीकडे ३१ मिलिमीटरवर खूण करा, म्हणजे दोन भिंगांत ६२ मिलिमीटर अंतर राहील. प्रत्येक खुणेवर २२ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडा. भोक भिंगापेक्षा लहानच हवं. दोन तुकड्यांच्या मध्ये भिंगं ठेवून पाटी चिकटवा. गोंद भिंगाच्या काचेवर येऊ देऊ नका.

३. जागा ठरवा : चौकटीच्या एका टोकाला रबर बँडनं फोन बसवा. पाटी फोनपासून साधारण ४५ मिलिमीटरवर आत सरकवा. अजून चिकटवू नका. डोळा लावून बघा आणि अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत पाटी पुढं-मागं करा. मग पेन्सिलची खूण करून चिकटवा. लांबचं अंधुक दिसणाऱ्यांना पाटी फोनकडे किंचित सरकवली की चष्म्याशिवायही बहुतेक स्पष्ट दिसतं.

४. मधला पडदा : पाटीपासून फोनच्या स्क्रीनपर्यंत पोचेल असा पुठ्ठ्याचा तुकडा मधोमध उभा बसवा. याच्याशिवाय डबा अर्धवट आहे.

५. चेहऱ्याची बाजू : खालच्या कडेला नाकासाठी खाच कापा. वरची कड कपाळाच्या गोलाईनुसार थोडी वक्र करा. कडांना फोम किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी लावा. आतून काळा कागद लावला तर उजेड परावर्तित होत नाही आणि चित्र उठून दिसतं.

६. फोनची पकड : फोनच्या मागं पुठ्ठ्याचं झाकण आणि वेल्क्रो लावा, वरून दोन रबर बँड. झाकणाला दोन-चार भोकं ठेवा, म्हणजे फोन तापणार नाही. मग आधी जुनं पुस्तक किंवा फोनच्या मापाचा लाकडी तुकडा घालून डबा गादीवर उलटा करून हलवा. तो पडला नाही तरच फोन घाला.

डोक्याला बांधायचा पट्टा मात्र लावू नका. डबा हातानं धरला की मान आपोआप सावकाश वळते आणि चक्कर कमी येते. मळमळ व्हायला लागली तर लगेच खाली घेता येतो.

काय बघायचं, कसं बघायचं?

ज्या व्हिडिओत डावीकडे-उजवीकडे जवळपास सारखी दोन चित्रं दिसतात, त्यांना साईड बाय साईड किंवा एसबीएस म्हणतात. ते थेट डब्यात चालतात, जायरोस्कोप लागत नाही. इथं एक युक्ती लक्षात ठेवा. हल्लीच्या साडेसहा इंची फोनवर नेहमीच्या आकाराचा व्हिडिओ दोन्ही कडांना काळी पट्टी सोडून साधारण १२ सेंटिमीटर रुंद दिसतो. म्हणजे दोन चित्रांच्या मध्यांत ६ सेंटिमीटर अंतर राहतं, आपल्या डोळ्यांइतकंच. व्हिडिओ बोटांनी ताणून स्क्रीनभर केला की हे अंतर वाढतं, डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं आणि डोकं दुखतं. तेव्हा काळ्या पट्ट्या राहू द्या.

३६० डिग्रीच्या व्हिडिओत अॅपमध्ये व्हीआर चष्म्याचं चिन्ह दिसलं तर ते दाबा, स्क्रीनचे दोन भाग होतील. चित्र थोडं अंधुक आणि जाळीदार वाटेल. त्यात फोनचा दोष नाही. व्हिडिओ चारही दिशांचा असतो आणि एका वेळी त्यातला थोडाच भाग दिसतो, तोही भिंगातून मोठा होऊन. म्हणून चांगल्या दर्जाचा व्हिडिओ लागतो आणि डेटाही जास्त जातो.

हेही समजून घ्या की हा डबा फक्त मान फिरवलेली ओळखतो. दोन पावलं पुढं गेलात तर चित्र पुढं सरकत नाही. महागडे हेडसेट चालणंही ओळखतात. तेवढा फरक राहणारच.

स्वतःच्या गावाचा थ्रीडी फोटो

या छंदातला सगळ्यात गोड भाग हाच. त्याला खर्च नाही आणि सेन्सरही लागत नाही.

गोठा, वाडा, विहिरीचा रहाट, बांधावरचं झाड, असं न हलणारं काहीतरी निवडा. साधारण दोन मीटरवर उभे राहून फोटो काढा. मग फोन तसाच सरळ ठेवून उजवीकडे ६ ते ६.५ सेंटिमीटर सरकवा आणि दुसरा फोटो काढा. फोन तिरका करू नका, वर-खाली होऊ देऊ नका. स्टुलावर किंवा कट्ट्यावर टेकवून सरकवला तर उत्तम. कोलाज करायच्या अॅपमध्ये पहिला फोटो डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवा आणि डब्यात बघा. खांब पुढं, भिंत मागं, अशी खोली उभी राहते. खोली उलटी वाटली तर फोटोंची अदलाबदल झाली असं समजा.

अंतराचा ढोबळ नियम असा : सगळ्यात जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतकं सरकायचं. दोन मीटरला साडेसहा सेंटिमीटर. किल्ल्याचा बुरूज ३० मीटरवर असेल तर एक मीटर. असे फोटो आजी-आजोबांना दाखवायला आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायलाही चांगले.

डोळे आणि फोन सांभाळा

डबा उन्हात, खिडकीत किंवा ओट्यावर उघडा ठेवू नका. भिंगं ऊन एका ठिपक्यावर गोळा करतात. त्यानं स्क्रीन डागळू शकते, पुठ्ठा पेटूही शकतो. वापर झाला की भिंगांवर कापड टाकून कपाटात ठेवा.

बसूनच बघा. गच्ची, जिना, विहीर, चूल आणि जनावरं यांच्या जवळ नको. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत. डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण बसलोय, या गोंधळातून मळमळ येते. बळजबरीनं बघत राहू नका. डबा काढल्यावर लगेच गाडी चालवू नका. लहान मुलांनी मोठ्यांच्या समोरच, थोडा वेळ बघावं. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

अनेक घरांत फोन एकच असतो. बँकेचा ओटीपी त्यावरच आणि बाजारभावही त्यावरच. म्हणून चार्जिंगला लावलेला फोन डब्यात घालू नका. फोन तापला तर बाहेर काढा. आणि व्हीआरच्या नावाखाली मेसेजमधून आलेली अॅपची फाईल अजिबात टाकू नका. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. डब्याचा क्यूआर कोड वाचायला कॅमेऱ्याची परवानगी मागितली तर समजण्यासारखं आहे. पण व्हिडिओ दाखवणाऱ्या अॅपला तुमचे मेसेज आणि कॉन्टॅक्ट कशाला हवेत? मागितले तर अॅप काढून टाका.

पुढं काय?

एक डबा जमला की सुधारणा सुचत जातात. मोठी भिंगं, पुढं-मागं सरकणारी पाटी, लाकडाचा किंवा पीव्हीसीचा सांगाडा. पुण्यातल्या आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची हे अनेक वर्षं दाखवलं. त्यांच्या वेबसाईटवर मराठी पुस्तकंही मोफत वाचता येतात. व्हीआरचा डबा त्याच जातीचा उद्योग आहे.

पहिला डबा वाकडा होईल, एखादं भोक मोठं पडेल. पुठ्ठा दुसरा मिळतो. भिंगं तेवढी जपा, ती पुढच्या डब्यातही चालतात.